चंद्रीचा पहिला मान

मारुंजी, जून २००७

चि. सौ. धोंडाबाईस, थोरल्या गोजराक्काचा तुझ्या कोळवणापातूर पुरंल एवढा आशीर्वाद.

सगळ्यात आधी माझ्या दारात आली ती जुईली, दुसऱ्या मजल्यावरची, लातूरकडची सून, हातात आरतीचं ताट. मागनं तिचा नवरा अमोघ अन् त्यामागं बिल्डिंगीचे सेक्रेटरी बंडोपंत. म्हणलं, झालं, म्हस हलवायला आले. (तुझा गुडघा कसा हाय? निरगुडीचा पाला बांधतीस का नुस्ती बोलतीस?)

तुला ठाऊक हाय, आपल्या गोठ्यावर ही बिल्डिंग झाली तवा माझ्या वाटणीला घर आलं अन् खाली गाडी लावायची जागा. माझ्याकडं गाडी न्हाई, चंद्री म्हस हाय. मी तिला लावली. त्यावरनं बंडोपंतांनी फळ्यावर नोटीस डकवली, महिन्यात म्हस हलवा. तवापासनं माझ्या तोंडात घास फिरत हुता.

पण मंडळी आली हुती भलत्याच कामाला. हितं राहायला येऊन पाच वर्सं झाली म्हणून त्यांनी सण काढलाय, 'पहिलं पाऊल'. कंपन्यांतनं रजा टाकल्या गं त्यासाठी. आपल्या इतक्या पिढ्या हितं राबल्या, एकानं तरी आल्याची सुट्टी घेतली का? बंडोपंतांनी स्वतः नियम केलेला, पहिली रात्र हितं ज्यानं काढली त्याला शाल-नारळ. (त्यांना वाटत हुतं, तेच पहिले.) साक्षीला मला इचारलं.

मी खरं ते सांगितलं. बिल्डिंग अर्धीच हुती, जिन्याला कठडा नव्हता, लिफ्टच्या जागी नुस्तं भगदाड, अन् उरलासुरला गोठा पाडला त्या रात्री चंद्री हितंच खाली बांधलेली. मी पुतण्याकडं निजले, म्हणून मान माझा न्हाई.

अमोघ म्हणला, "काका, नियम म्हणजे नियम." बंडोपंतांचं तोंड बघायचं हुतंस. धोंडे, म्हशीला शाल घातली गं त्यांनी. जुईलीनं कुंकू लावलं. चंद्रीनं उभ्या उभ्या हार खाल्ला (बंडोपंतांनी सोताच्या मापाचा आणलेला). नारळ मी पदरात घेतला. आता तिचा फोटो फळ्यावर हाय, नेमका त्या नोटिशीवर. मला अजून खरं वाटत न्हाई.

तुझी आक्का,
गोजरा

ता. क. पत्र एवढ्यासाठीच की चंद्रीची रेडी तुझ्याकडं हाय, ती धाडून दे. पहिल्या रहिवाशाची पोटची पोर, तिला कोण न्हाई म्हणतंय बघते.

आणखी एक. चंद्रीच्या जागंला कठडा करून देणार हायेत. रेडीचा टेम्पो शनिवारीच लाव, म्हंजे माप मायलेकी दोघींचं निघंल. माप घ्यायला मंडळी येत्या रविवारी येतो म्हणालीत.