टॉवेल वाटून बसलो त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

तोशिनोबूचा कमरेत वाकून नमस्कार. (फार वाकलेलो नाही. कंबर सध्या एवढीच वाकते, त्याचं कारण पुढे येईल.)

हवापाण्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मुद्द्यावर यायचं नाही, ही आईची शिस्त तू अजून पाळतेस, म्हणून लिहितो. ओसाकात थंडी पडायला लागली आहे, भाजक्या रताळ्यांची गाडी संध्याकाळी गल्लीत येते आणि समोरच्या उंच इमारतीने आमचं ऊन गिळलं आहे, ते आता वसंतातच परत मिळेल. अर्थात तोवर आम्ही इथे नसू. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनी गोल्फ सोडला, की अजून बैठकीच्या खोलीत छत्रीने सराव चालू आहे?

तर आमची इमारत मार्चअखेर पाडणार आहेत. त्यात कंपनीने ओसाकाची शाखा बंद करून मला त्रेपन्नाव्या वर्षी सन्मानाने घरी बसवलं. (सगळी नोकरी ऑफिसच्या खुर्च्यांची चित्रं काढण्यात गेली, आणि निरोपसमारंभात मला शेवटपर्यंत उभं ठेवलं.) हाताशी आहे त्या पैशात ओसाकात खुराडं मिळेल, लहान गावात घर मिळेल. तेव्हा गाव गाठायचं हे नक्की झालं. कुठलं, ते मी ठरवायचं, असं किमिएने जाहीर केलं. तिचे वडील रेल्वेत होते आणि लहानपणी दर बदलीला तिचं बिऱ्हाड हलायचं, त्यामुळे खोकी भरण्याचा तिला मनस्वी तिटकारा आहे. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथे येईन, पण एकदाच. तिथे करमत नाही, पुन्हा हलू या, असं म्हणालात, तर तुमचे तुम्ही हला."

ताई, हे तिने कोणाला सांगावं? नूडलच्या दुकानात मी पदार्थांची यादी दोन्ही बाजूंनी वाचतो आणि शेवटी शेजारच्या टेबलावर आलेलं असतं तेच मागवतो. लग्नाच्या वेळी तू आणि आईने किमिएचा फोटो दाखवलात, तेव्हा मी तो इतके दिवस बघत बसलो की तिनेच फोन केला, "मला पसंत आहे, रविवारी भेटू या का?" त्यानंतर निवड करण्याची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही. आता आली ती उरलेल्या जन्माची, आणि चुकली तर बायकोसकट चुकणार होती.

हल्ली माणसं कमी झालेली गावं 'राहून बघा' म्हणून एखादं रिकामं घर आठवडाभर जवळजवळ फुकट देतात, हे तू टीव्हीवर पाहिलं असशील. मी राहून बघायला निघालो. पहिलं कुरोहामा, समुद्राकाठी. गाव सुंदर आहे. पण तिथे प्रत्येक दारात दोरीवर स्क्विड वाळत घालतात आणि माझ्या कपड्यांना वेगळी दोरी नव्हती. परत येताना गाडीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि गाडी भरलेली होती. दुसरं युकिओका, डोंगरात. नगरपालिकेचा माणूस घर दाखवताना सारखा म्हणत होता, "बर्फ काही फार पडत नाही हो." मग मला वरच्या मजल्यावर एक दार दिसलं. बाहेर जिना नाही, गच्ची नाही, नुसतंच दार. विचारलं, तर म्हणाला, "ते जानेवारीतलं दार." मी खालच्या दारातून निघून आलो.

तिसरं कामिओसे. तिथे निघताना किमिएने माझ्या बॅगेत कागदी पट्टी लावलेले सहा टॉवेल ठेवले आणि म्हणाली, "गेल्या गेल्या समोरच्या तिघांना, दोन्ही शेजाऱ्यांना आणि मोहल्ल्याच्या प्रमुखांना एकेक द्या. आणि 'यापुढे सांभाळून घ्या' असं म्हणा." बिचारीला वाटलं असेल, रिकाम्या हाताने कशाला जायचं. (गावातल्या रीतीभाती तिला काय ठाऊक? वर्षातून एकदा मंडळातल्या बायकांबरोबर गरम झऱ्यांना जाते, तेवढाच तिचा गावाशी संबंध.) मीही फार विचार केला नाही. आमच्या इमारतीत शेजाऱ्याचं नाव त्याच्या टपालपेटीवरून कळतं, तेव्हा आपण निदान इथे तरी माणसासारखं वागू, असं मला वाटलं. सहाही घरी गेलो, वाकलो, टॉवेल दिले, सांभाळून घ्या म्हणालो. डाव्या हाताच्या घरातल्या हात्सुए आजींनी टॉवेल उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आलात का एकदाचे!" गावाकडची माणसं किती मोकळी असतात, असं मनाशी म्हणत मी घरी येऊन झोपलो.

सकाळी दारात मुळे. मांडीएवढे पांढरे मुळे, मातीसकट, आणि कोणी ठेवले त्याचा पत्ता नाही. आभार कोणाचे मानायचे ते कळेना, म्हणून दिसेल त्याला मान लववत फिरलो. माणूस फार विनम्र आहे असा बोभाटा झाला आणि दुसऱ्या दिवशी मुळ्यांबरोबर कोबीही आला. रविवारी उजाडायच्या सुमाराला मोहल्ल्याचे प्रमुख इनाबा आजोबा दारात उभे. वय एक्क्याऐंशी, हातात दोन फावडी. वर्षातून दोनदा पाट साफ करतात, घरटी एक माणूस यावा लागतो. मी म्हटलं, मी तर फक्त बघायला आलोय. आजोबा म्हणाले, "मग बाजूला उभा राहून कसं दिसणार? पाण्यात उतरून बघ." तिथे जमलेल्यांत सत्तरीच्या आतला मी एकटाच. "तरुण माणूस आलाय, त्याला खोल बाजूला घ्या," असा पुकारा झाला. ताई, मला शेवटचं कोणी तरुण म्हणालं त्याला किती वर्षं झाली आठवत नाही. त्या एका शब्दावर मी दुपारपर्यंत गाळ उपसला. (कमरेचा खुलासा झाला.)

नंतर सगळे सभागृहात भात आणि गरम सूप घ्यायला जमले. तिथल्या घडीच्या खुर्च्या अशा करकरत होत्या की कोण काय बोलतंय ते कळेना. मी सहज एक उलटी केली, बिजागरी पाहिली, पक्कड मागितली. बघता बघता रांग लागली. एक आजोबा आपल्या पाठीला कशी खुर्ची हवी ते विचारू लागले, आणि मी सांगू लागलो, आणि ते ऐकू लागले. कंपनी सुटल्यापासून मला खुर्चीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मी त्या बरं वाटण्याच्या भरात असतानाच इनाबा आजोबांनी, एप्रिलपासून मोहल्ल्याचं प्रमुखपद तुझ्याकडे, असं सांगितलं. मी आपल्या ओसाकाच्या सवयीने, नाही म्हणायचं असलं की म्हणतो तसं, "विचार करतो" म्हणालो, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घाबरून मी हात्सुए आजींना गाठलं. म्हटलं, आजी, काहीतरी गैरसमज होतोय, मी राहून बघायला आलेला माणूस आहे. आजी म्हणाल्या, "राहून बघणारे येतात, दुकान लांब आहे म्हणतात आणि जातात. टॉवेल कोणी देत नाही. टॉवेल देतो तो राहायला आलेला असतो." मी विचारलं, हे टॉवेल नुसते भेट म्हणून समजता येणार नाहीत का? आजी म्हणाल्या, "आता काय समजायचं? मी त्याला तोंडही पुसलं."

असा मी परत आलो आहे. मी गाव निवडलं नाही, गावाने मला ठेवून घेतलं. गंमत अशी की माझी हरकत नाही. गाव काही विशेष नाही, दुकान खरंच लांब आहे, पण तिथे झोप लागते. भीती एकच आहे. किमिएने ते पाहिलेलं नाही आणि तिला खोकी एकदाच भरायची आहेत. तिला तिथे करमलं नाही तर मी प्रमुख म्हणून त्या मुळ्यांमध्ये एकटा राहणार. तिच्याशिवाय मला कुठलंच गाव नको, हे तिला तोंडावर सांगणं या वयात जमत नाही, म्हणून तुला लिहितो. आल्यापासून "गाव ठीक वाटलं" एवढंच तिला सांगितलंय. तीही "हं" म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

प्रकृतीला जप. दाजींना नमस्कार.

तुझा,
तोशिनोबू

ता. क. खरं काम हे की, तू किमिएला एक पत्र टाक. सहज लिहिल्यासारखं लिही, की कामिओसे नावाचं एक गाव आहे म्हणे, हवा चांगली, माणसं चांगली, तुम्ही विचार करून पाहा. मी काही बोललो असं दाखवू नकोस. तुझं ती ऐकते.

ता. क. दाजींचे जुने गमबूट असतील तर पाठव. गाळ माझ्या बुटांत अजून आहे.

ता. क. कंबर धरल्याने मला जिना उतरवत नाही, म्हणून पाकीट चिकटवून किमिएकडेच टपालात टाकायला देतो आहे. तिला दुसऱ्याच्या पत्रात डोकवायची सवय नाही.

वन्सं, किमिएचा नमस्कार. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं, रागावू नका. यांनी कधी नव्हे ते इतकं जाडजूड पत्र लिहिलं, तेव्हा काळजी वाटली. कामिओसे मी वसंतातच पाहिलंय. झऱ्यांहून परतताना आमची बस चुकली आणि हात्सुए आजींनी आम्हा सगळ्यांना चहाला बसवलं. शेजारच्या रिकाम्या घराच्या ओसरीवर मी संध्याकाळपर्यंत बसून होते, तिथून उठवेना. यांना नुसतं "इथे राहू या" म्हटलं असतं, तर अजून दहा गावं पाहून झाली असती आणि मार्च उजाडला असता. म्हणून त्या घराचं पत्रक यांच्या पुढ्यात सरकवलं, टॉवेल दिले, आणि आजींना तसं कळवून ठेवलं. पाट आणि प्रमुखपद ही मात्र गावाची पदरची भर.

तुम्ही पत्रात कामिओसेची तारीफ करू नका. जरा नाक मुरडा, दुकान लांब आहे म्हणा, म्हणजे हे त्या गावाची बाजू घेऊन भांडतील आणि मी हळूहळू ऐकेन. तोंडावर न जमलेलं ते एक वाक्य मी वाचलं, हे त्यांना सांगू नका. ते मी दोनदा वाचलं. लग्नाच्या वेळी फोन केला होता, तेव्हाही माझी निवड चुकली नव्हती.

गमबूट पाठवाच. आतल्या खोलीत मी खोकी भरायला घेतली आहेत. यांना वाटतंय, मी हिवाळ्याचे कपडे काढते आहे.