टाइल्सवरचं मशिन

आबा, तुम्ही इथे असता तर आज माझ्या हातातला रिपोर्ट टराटरा फाडला असता. एकदा फाडलाच होता. साताऱ्याच्या एमआयडीसीत, तुमच्या हाताखाली लॅबमध्ये लागून मला महिनाही झाला नव्हता. ठोक्याच्या मशिनवर खाच पाडलेला पोलादाचा तुकडा ठेवायचा, वजनदार हातोडा झुलत येऊन तो तोडणार आणि तोडायला किती जोर लागला ते काटा दाखवणार. त्या दिवशी काटा असा चढला की मी उड्या मारतच तुमच्याकडे आले. तुम्ही मशिनच्या पायाला तळहात लावलात आणि मला पुन्हा ठोका द्यायला लावलात. "एवढी हासू नगंस, पोरी. लोखंड सुधारलं न्हाई, पाया हाललाय." एक नट ढिला होता. थोडा जोर मशिन हलवण्यातच जातो, काट्याला ते कळत नाही, तो सगळा जोर तुकड्याच्याच नावावर टाकतो. हे तुम्ही सगळ्यांसमोर समजावलंत आणि सगळ्यांसमोरच कागद फाडलात. मला लय राग आला होता तुमचा.

तेव्हापासून रोज पहिल्या ठोक्याला हात. "आदी हात ठिव, मग काट्याकडं बघ." रिटायर होऊन कुंडलला निघालात तेव्हा तुमचा मिलिटरीतला पाना माझ्या टेबलावर ठेवलात. वर म्हणालात, "गंजवलास तर बघ."

गंजला नाही, आबा. पण आवळायला आता नटच उरले नाहीत. यंदा खंडेनवमीच्या आधी मालकांनी लॅबला पांढऱ्या चकचकीत टाइल्स घातल्या. मशिन उचललं, गवंड्यानं बोल्टांची भोकंही बुजवून टाकली. पूजा तोंडावर आलेली. मालक म्हणाले, "नव्या फरशीला लगेच भोकं नकोत हो, ताई." आणि मीच म्हणाले, रबराची शीट घालून ठेवू, बोल्ट नंतर बसवू. मशिनला झेंडूचा हार घातला, तुमच्या पान्यालाही हळदकुंकू वाहिलं. ते 'नंतर' काही आलंच नाही.

मग आकडे वाढायला लागले. ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडायच्या पिनांचा एक लॉट होता, त्याची मला आधीपासून धाकधूक होती. तोच झोकात पास झाला! पिना तापवून कडक करणाऱ्या भट्टीवाल्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. सही केली. माल सांगलीला, ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे गेला.

आज सकाळी हात लावला. आई शप्पथ, अख्खं मशिन डुलत होतं. ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो तो कपाटातला नमुना तोडून बघितला, त्याचाही काटा फुगला. मालकांना सांगितलं तर म्हणतात, "एक तरी पिन तुटली का? कशाला उगाच ओढवून घेता?" सीझन सुरू झालाय, आबा. एकामागे एक दोन ट्रॉल्या, चढाचा रस्ता, मागं कुणीतरी बायकापोरांना घेऊन मोटरसायकलवर. सकाळपासून मी खुर्चीत बसते, उठते, पुन्हा पायाला हात लावून बघते. काय बदलणार आहे त्यात? तुम्ही समोर असता तर एवढंच विचारलं असतं, हात कवापासनं ठेवला न्हाईस?

खंडेनवमीपासून. रबर घातलं त्याच दिवशी मला कळत होतं. हात ठेवला असता तर हाताला जाणवलं असतं, म्हणून ठेवला नाही. पुन्हा कुणी माझा कागद फाडायला नको होता.

आणि आणखी एक. सांगलीच्या ट्रॉलीवाल्याचा नंबर तासभर समोर उघडा आहे. तो फोन टाळायलाच मी हे लिहीत बसले. आता हा कागद तुमच्या पान्याखाली ठेवते. नंबर लावलाय, आबा. रिंग वाजतेय.