ऑर्किडच्या खोलीतली खाट

प्रिय शहिस्ता,

सलाम. लोणावळ्यात थंडी कडाक्याची आहे, पण मी मजेत आहे. बंगल्याच्या मॅडमनी हीटर लावून दिलाय.

माझ्या खोलीत नाही, त्यांच्या परदेशी ऑर्किडच्या खोलीत. मग मीच माझी खाट तिकडं नेली. खोकला आता कमी आहे.

आपली अमिना अजून पांघरूण लाथाडते का?

काल सकाळी मॅडमनी मुंबईत बसून कॅमेऱ्यात बघितलं आणि फोन केला. "अल्लाबक्ष, कोपऱ्यात गोधडीत गुंडाळून कुठलं झाड ठेवलंय?"

मी तुझ्या गोधडीच्या आतूनच बोललो, "लय नाजूक आहे मॅडम, थंडी सोसत नाही."

"मग जप त्याला. फुलं कधी येतात?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. तर तू इकडं कधी येतेस, ते कळव.

तुझा, गोधडीतला,
अल्लाबक्ष