बिनतोंडाची पानं

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. अनेकांत,

जय जिनेंद्र. बेंगलोरला तू आणि दीपा खुशाल असाल. इकडे ऊन आताच चटके द्यायला लागलंय. बाकी ठीक.

पत्र बघून हसशील, अप्पांना फोन लावता येत नाही व्हय म्हणून. येतो की. पण तुझी आई फोन लाउडस्पीकरवर ठेवायला लावते, आणि मला तुझ्या घटपर्णीबद्दल निवांत विचारायचंय.

तिचं काहीतरी बिनसलंय. दरवर्षी पावसाळा लागला की तिला नवी पानं फुटायची. पानाच्या टोकाला दोरा, दोऱ्याच्या टोकाला किडे धरणारा झाकणाचा घट. शाळा उघडायच्या आणि घटही. आपल्या दुकानात नवी पाठ्यपुस्तकं आली की गिऱ्हाईक उभं ठेवून मी आधी कविता वाचायचो, आणि घरी आलो की तुझे घट बघायचो. तो कोऱ्या कागदाचा वास अजून नाकात आहे.

यंदा माघातच पानं फुटली. एकावर एक, अशी तजेलदार! मला केवढा आनंद झाला. पण घट धरत नाही रे. दोऱ्याच्या टोकाला तांदळाएवढी गाठ येते, काळी पडते, गळते. जुने घट केव्हाच वाळले. नुसती पानं आहेत, तोंड एकालाही नाही.

शेजारचे उदयसिंह बघून म्हणाले, "आमच्यात तांबडा-पांढरा रस्सा, आन् तुमच्या जैनाच्या घरात झाड माश्या खातंय! देवानंच तोंड बंद केलं की त्याचं!" एरवी तुझ्या आईनं त्यांना सोडलं नसतं. या वेळी नुसती हसली.

फडक्याचं आठवतं ना तुला? झाड आणलंस तेव्हा ती म्हणाली होती, "दिवसा काय खाईल ते त्याचं कर्म. सूर्यास्तानंतर आपल्या घरात कुणी खायचं नाही." रोज सांजेला पाणी गाळायच्या जुन्या फडक्याचे तुकडे घटांच्या तोंडाला बांधायची. तू ओरडायचास, "आई, अगं झाड आहे ते!"

हल्ली ती उठत नाही. दिवाळीनंतर भात सोडला, मग भाकरी. तू फोनवर "जेवलीस?" विचारतोस आणि ती "झालं की" म्हणते, ते ताकाबद्दल असतं. आता ताकही गिळवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरीच ठेवा.

तिला महाराजांकडून सल्लेखना घ्यायचीय. अन्न, पाणी, सगळंच रीतसर सोडायचंय. आपण दोघांनी हो म्हणावं, एवढंच तिचं मागणं. मला विचारते तेव्हा मी कुंडीला पाणी घालायला उठतो. दिवसातून कितीदा उठतो, कुणास ठाऊक. त्यानंच तर झाड बिघडलं नसेल?

"अनेकांतकडून लिहून मागवा," म्हणते. "फोनवर नुसता रडत बसंल त्यो."

काल तिच्या उशाशी बसून चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता चालीवर म्हटली. मध्येच मुद्दाम अडलो. पुढची ओळ नेहमी तीच सांगते. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग हळूच म्हणाली, "फडकं बांधलं?"

घटच नाहीत, बांधू कशाला? "बांधलं," म्हणालो.

हो लिही, असं मला सांगवत नाही. नको लिही, असंही सांगवत नाही. तिला आता अक्षर दिसत नाही. तू जे लिहिशील ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी चालीवर म्हटल्या, ही एक ओळ माझ्यानं म्हणवणार नाही.

तेव्हा लिहू नकोस. ये.

दीपाला आशीर्वाद.

सांज झाली, फडकं हातात घेऊन बसलेले,
तुझे अप्पा