लाल झाकणांच्या बाटल्या

१९ मे
सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा. अंबाजोगाईच्या कॉलेजातून मागून आणलेला आहे, एक पाय हलतो, खाली लग्नपत्रिका दुमडून लावलीय. लाल झाकणांच्या चोवीस बाटल्या झाल्या. सोळा राहिल्या.

आई भाजी निवडत बाजूला बसली. "कावून बघायलीस एवढं त्या शिंपल्याकडं?" तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, म्हणून नीट सांगितलं. गाड्यांचा, भट्ट्यांचा वायू समुद्रात विरघळतो, पाणी आंबटाकडे झुकतं. मग कालवांच्या पिल्लांना कवच बांधायला चुना पुरत नाही. निळ्या झाकणाची पिल्लं मी साध्या समुद्राच्या पाण्यात वाढवली, लाल झाकणाची तसला वायू सोडलेल्या पाण्यात. म्हणजे नातवंडांच्या वेळचा समुद्र.
"मंजी गरवार बाईची हाडं झिजत्यात, तसं," आई म्हणाली.
हे मला तीन वर्षांत इतकं सोपं लिहिता आलं नाही.

लाल कवचं बघवत नाहीत. कडा कुरतडलेल्या, मध्ये आरपार दिसतं. आणि खरं सांगायचं तर बघून आनंद होतो. निकाल इतका स्वच्छ कुणाला मिळतो.

२२ मे
माझ्या मार्गदर्शक मॅडमचा फोन, किनाऱ्यावरून. मागे गाज ऐकू येत होती, जीव खालीवर झाला. म्हणाल्या, तुझं प्रकरण चार, लाल-निळ्या बाटल्यांचं, सगळ्यात भक्कम आहे, त्यावरच प्रबंध उभा राहील. ९ जूनला सादरीकरण.

अण्णांनी स्टेशनजवळच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. "आमची वर्षा समुद्राची डॉक्टर व्हायली." संध्याकाळी एक मावशी खोकल्याचं औषध विचारायला आल्या. निवृत्त मास्तराच्या मुलीने हसून साजरं करावं, दुसरं काय.

२५ मे, रवि.
लोणच्याचा दिवस. मी आंघोळीला गेले तेवढ्यात आईने बरण्या ठेवायला जागा हवी म्हणून माझी दोन्ही खोकी उचलून खाली ठेवली. प्रत्येकातली एकेक बाटली पाझरली. तिने हळदीच्या फडक्याने पुसून घेतलं. मी ओरडले, ते विषारी असतं, हात धू आधी. ती हात धुवायला उठली आणि फडकं माझ्यापुढे धरलं.
"ह्ये बघ की. निळ्याच्या डागाचं कुंकू झालं, लालच्या डागाला काईच न्हाई. निळ्यात चुना घातलास व्हय?"

चुना नाही, टाकणखार. मेलेली पिल्लं टिकावीत म्हणून बाटल्यांत फॉर्मलिन भरतात, ते नुसतं ठेवलं की हळूहळू आंबट होतं आणि आतलं कवच खातं, म्हणून त्यात टाकणखार घालतात. पहिल्याच वर्षी शिकवतात हे. हळद लाल झाली म्हणजे निळ्यात तो आहे.
आणि लालमध्ये

२६ मे
अंबाजोगाई. प्रयोगशाळेतून आम्लतेच्या पट्ट्या मागून तिथेच बाटल्या तपासल्या. निळ्या चाळीसच्या चाळीस ठीक. लाल चाळीसच्या चाळीस आंबट. शिपाईमामा म्हणाले, "डबी संपवली की बाई तुमी." बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन आले. कुणीतरी विचारलं, लोणचं हाय का? हो म्हटलं.

२७ मे
प्रयोगाची वही काढली. मागच्या दिवाळीआधीचं पान. 'टाकणखार : निळी ✓ लाल ✓'. दोन्ही खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरपेपणाच्या. सकाळीच करून ठेवलेल्या.

आठवलं सगळं. निळ्या भरून झाल्या, टाकणखाराची पुडी संपली. प्रयोगशाळेचे भांडारवाले जेवायला गेले होते. मला गावाची गाडी गाठायची होती. म्हटलं लाल भरून ठेवू, टाकणखार मिळाला की घालू. नंतर वही बघितली, खूण दिसली, खोकं बंद केलं.

ही सवय कुठली ते मला माहीत आहे. अण्णा रविवारी सकाळी बसून पुढच्या आठवड्याचं टाचण लिहून काढायचे. कुठला धडा, कुठलं उदाहरण, शेवटी 'घटक पूर्ण'. सोमवार उजाडायच्या आधी शनिवार शिकवून झालेला असायचा. मी शेजारी बसून पट्टीने रेघा मारून द्यायचे. आधी खूण, मग काम.

समुद्राने किती खाल्लं आणि माझ्या बाटलीने किती, आता कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित सगळं बाटलीनेच. पिल्लं मेली ती मेली, त्यांची कवचं परत वाढत नाहीत. फेलोशिप संपली, वसतिगृहातली खोली गेली. पुन्हा तीन वर्षं मला कोण देणार?

२९ मे
अण्णांना सांगितलं. ऐकून घेतलं, सुपारी कातरत राहिले.
"समुद्र आंबट व्हायलाय का न्हाई?"
"होतोय."
"शिंपल्याला तरास हाय का न्हाई?"
"आहे. दुसऱ्या लोकांनी दाखवलंय."
"मग तू खोटं काय सांगायलीस? निकाल तर खराच हाय."
"माझ्या बाटल्यांनी तो सांगितला नाही, अण्णा."
"बाटल्याला कोण इचारायलंय?"
मला राग आला, कारण गेले तीन दिवस मी स्वतःला हेच समजावतेय. त्याच शब्दांत.

३० मे
जेवले नाही. आई दोनदा ताट झाकून गेली.
तोंड आलं की आई टाकणखाराची लाही मधातून देते. पुडी फडताळात असते. दुपारी दोघं झोपली होती. चिमूटभर घेतला आणि लाल सात नंबरमध्ये टाकला. हलवली. पर्समध्ये राहिलेली एक पट्टी लावली. ठीक. निळ्यासारखीच.
एकोणचाळीस बाटल्या, अर्ध्या तासाचं काम. कुणी तपासलं तरी सापडणार नाही.
पुडी परत ठेवली. हात धुतले, पुन्हा धुतले. मी हे केलं. एका बाटलीत का होईना, केलं.

३१ मे
काही लिहायचं नाही. मॅडमचा मेसेज, लाल कवचांचा सगळ्यात खराब फोटो पहिल्या पानावर लाव. लावला. सुंदर दिसतो. बघून शिसारी आली.

१ जून, रवि.
सकाळी अण्णा माळ्यावरून टाचणवह्यांचा गठ्ठा काढून बसले. मला वाटलं रद्दीला काढतायत. एक वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पाचवी, परिसर अभ्यास. घटक : समुद्र. पूर्ण. खाली सही.
"ह्यो धडा मी कंदीच शिकवला न्हाई," म्हणाले. "मी समुद्र बघितला नव्हता. पोरं इचारतील, पाणी खारट कावून, लाटा कुठून येत्यात. लाज वाटायची. दर वर्षी लिहायचो पूर्ण, अन् फुडचा धडा घ्यायचो."
मी वर्ष बघितलं.
"त्या वर्गात तू व्हतीस," म्हणाले.
आई दारात उभी होती. ते वही उघडीच ठेवून सहीवर बोट फिरवत बसले. मी मिटून दिली. अण्णांवर रागवायचं होतं, तेवढं बळ नव्हतं. त्यांनी समुद्र अजूनही पाहिलेला नाही. नेते नेते म्हणत तीन वर्षं मीच नेलं नाही.

दुपारी वहीतल्या लालसमोरच्या खुणेवर एक आडवी रेघ मारली, खाली आजची तारीख आणि सही. पानाचा फोटो काढला. मॅडमना मेल लिहिला. हळदीचं फडकं, पट्ट्या, भांडार, गाडी, सगळं. सात नंबरच्या बाटलीचंही. ते वाक्य चारदा खोडलं, चारदा परत लिहिलं. अजून पाठवलेला नाही. रडू येतंय, तेही नीट येत नाही.

२ जून
साडेनऊला पाठवला. आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता जेव."
जेवले.

सव्वाअकराला मॅडमचं उत्तर. एकच ओळ.
'हे अजून कुणाला माहीत आहे?'

यात काळजी आहे की दुसरं काही, आवाज नसल्याने कळत नाही. फोन लावला, उचलला नाही. 'कुणालाही नाही' असं टाइप करून बघितलं. दोन शब्दांत ९ जून परत जागेवर येतो.

आई अंगणात धुणं वाळत घालत होती. ते फडकंही होतं त्यात. तिने घासघासून धुतलंय, तरी डाग गेलेला नाही.

ते शब्द पुसले. लिहिलं, 'आई-अण्णांना माहीत आहे. आईनेच दाखवलं.'
पाठवलं. वाचल्याची खूण आलीय. त्यानंतर काही नाही.