सातवी पोफळ

दिवेआगर,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. हेमांगीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. 'पोफळी' हे गाणं कुठलं, ते मी सगुणाकाकीला विचारलं, असं तुला कळवलं होतं. मी विचारलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आपल्या खळ्यात सुपारी सोलताना सगुणाकाकी आणि बाकीच्या बायका ते म्हणत होत्या. मी ते मोबाइलवर घेतलं आणि नंतर आईला विचारलं. आई म्हणाली, की या असलंच काहीतरी म्हणत बसतात, जुनं असेल. त्या 'असेल'चं मी 'आहे' केलं, आणि वर ते सगुणाकाकीच्या तोंडी घातलं. तू मला घरी शिकवायचीस तेव्हा चूक खरवडू द्यायची नाहीस. एकच आडवी रेघ मारायला लावायचीस, खालचं वाचता यावं अशी. ही तशी रेघ समज.

आता बातमी. मुंबईच्या एका कंपनीला आमची सहा गाणी एकत्र काढायची आहेत. आमची म्हणजे माझी आणि विहंगची. माझ्या गाण्यांना वाद्यं लावतो तो. गणपतीत येऊन मोदक सुरीने कापून खाल्ला, तोच. त्यांना खरं तर 'पोफळी'च हवंय, बाकीची पाच त्याचं बोट धरून चाललीत. विहंगने स्टुडिओतली नोकरीही सोडली. २९ तारखेला, शनिवारी, तो बोटीने मांडव्याला उतरेल आणि आम्ही सह्या करू. कागदावर 'शब्द व चाल : पारंपरिक' असं आहे. तो आधी म्हणाला होता, की आपलीच नावं घालू. मीच हट्ट धरला. त्याचं समाधान वाटतंय, तरी दोन दिवस एका जागी बसवत नाही. मूळ सात कडवी होती. शेवटचं लयीत बसेना म्हणून गाळलं. गाणं पाठवलंय. ऐकून सांग.

तुझी माया आहेच, थोडी काळजीही कर.
आश्लेषा

तळा,
शुक्रवार, १४ मार्च २०२५

चि. आश्लेषास अनेक आशीर्वाद.

आज धुळवडीची सुट्टी, म्हणून गाणं शांतपणे चार वेळा ऐकलं. आवाज मोकळा लागलाय. मध्येच 'हं' करून श्वास घेण्याची खोड तशीच आहे. तुझ्या विहंगने सुपारी सोलल्याचा आवाज गाण्यात धरलाय, तो ऐकून मला खळ्यातला वास आला. त्याला मोदकाची माफी दिली.

पण एक प्रश्न आहे. तिसऱ्या कडव्यातली 'विहिरीकडे वाकलेली, पाठीला कुबड असलेली' पोफळ माझी गं. तुझ्या बाबाशी भांडले की मी तिच्या कुबडावर बसायचे. ती वादळात पडली तेव्हा त्यानेच मला फोन करून सांगितलं होतं, की हेमे, तुझी खुर्ची गेली. आता सांग, पाच वर्षांपूर्वी पडलेलं झाड पारंपरिक गाण्यात पडलं कसं?

उत्तर पाठ करून नको, वाडीत जाऊन लिही. माझा लोभ फुकट मिळतो, गुण मिळत नाहीत.
आत्या

दिवेआगर,
मंगळवार, १८ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेले वाडीत. मोबाइलवर सगुणाकाकीचं मूळ गाणं लावलं आणि विहिरीपासून चालत निघाले. पहिलं कडवं जोडपोफळीचं. तिथे दोन बुंध्यांचे खड्डे अजून आहेत. दुसरं टाकीजवळचीचं. तिसरं तुझं. सहावं येईपर्यंत मी वाडीच्या दाराशी, बेड्यापाशी पोचले होते. गाणं म्हणजे वादळानंतर वाडीतून मारलेली एक फेरी आहे, आत्या, आणि मी त्या वाटेने रोज चालते.

म्हणजे ते कुणीतरी केलंय. इथल्याच कुणीतरी, २०२० नंतर. मी मात्र 'पारंपरिक' लिहून मोठी प्रामाणिक झाले.

विहंगला फोन केला. तो चिडला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, की नाव घालायला माझी ना नाही, पण कागद आता बदलला तर त्यांचा वकील पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, आणि या आधी दोनदा असंच होऊन माझं काम बुडालंय. तिसऱ्यांदा माझ्यात दम नाही, असंही म्हणाला. मग विचारलं, की त्या काकींनी तक्रार केलीये का? केली नाही, मी म्हणाले.

सगुणाकाकी रोज खळ्यात येते. मी रोज पाण्याची कळशी घेऊन जाते, ठेवते आणि परत येते. आईने विचारलं, की त्या बायकांना हल्ली इतकी तहान कशी लागते.

रागावलीस तरी पत्र पाठव.
आश्लेषा

तळा,
शुक्रवार, २१ मार्च २०२५

चि. आश्लेषास आशीर्वाद.

रागावले नाही. पण कळशी पुरे. तू पाच वर्षांची असताना तुटलेली पाटी पाठीमागे लपवून अशीच माझ्याभोवती घिरट्या घालत होतीस. सगुणा तुला खाणार नाही. तिने तुला कडेवर घेऊन अर्धी वाडी दाखवली आहे. विहंगचं नुकसान खरं आहे, ते हलकं समजू नकोस. पण त्याच्या भीतीमागे स्वतःची लपवू नकोस.

पेपर तपासायचेत, म्हणून इतकंच. जीव तुझ्यापाशी आहे.
आत्या

दिवेआगर,
मंगळवार, २५ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी विचारायच्या आधी तीच बोलली. काल कळशी ठेवून वळले, तर सगुणाकाकीने हाक मारली. म्हणाली, की पूनमने, म्हणजे तिच्या सुनेने, गावच्या ग्रुपवर आलेलं तुझं गाणं मोबाइलवर लावलं होतं. आवाज बेस हाय बाय, पन सातवी पोफळ खाल्लीस.

सगळ्या बायका हसल्या. मला हसता आलं नाही. सातवी कुणाची, असं विचारलं. ती हातातली सुपारी न थांबवता म्हणाली, की बेड्याजवळची, आमच्या ह्यांनी लगनाच्या साली लावलेली. म्हणजे अंबाजीकाका, आपल्या पोफळींवर चढून घड उतरवणारे. वादळाच्या आदल्या वर्षी ते गेले. मग तिने सांगितलं, की पडलेली झाडं लिहायला सरकारी मानूस आला, त्याने नुसता आकडा लिवला न् गेला. मंग म्या गान्यात नावं लावली. बाकीच्या बायकांनी ते गाणं तिच्याकडून घेतलं. तिने स्वतःच्या नावाबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त सातवी का राहिली, एवढंच तिला कळत नव्हतं. लयीत बसत नव्हती म्हणून, एवढंच कारण होतं.

मग काल रात्रीपर्यंत ते कडवं म्हणून पाहिलं. बसतं. आधीच्या ओळीवर थोडं थांबावं लागतं, इतकंच.

विहंगला सगळं लिहून कळवलंय. त्याचं उत्तर नाही. तो शनिवारी मांडव्याला उतरेल तेव्हा मी जेटीवर असेन, आणि कागद वाचून तो त्याच बोटीने परत गेला तर मला त्याला थांबवता येणार नाही. त्याच्याशिवाय मला गाण्याच्या मागची शांतता कशी भरायची तेही माहीत नाही.

पण त्याआधी एक दिवस आहे. सोलणी संपते त्या दिवशी शेवटची टोपली घरच्यांनी बायकांबरोबर बसून सोलायची, ही आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. मी सगुणाकाकीच्या शेजारी बसणार. सातही कडवी म्हणणार. ती चुकलं म्हणेल तिथे पुन्हा म्हणणार. आणि सर्वांदेखत तिला विचारणार, की हे गाणं मी जगापुढे न्यावं का, आणि न्यायचं असेल तर तिचं नाव कसं लिहायचं. नको म्हणाली, तर गाणं खळ्यातच राहील. हो म्हणाली, तर 'पारंपरिक'वर एकच आडवी रेघ मारून वर तिचं नाव लिहीन.

माझ्यासाठी देवापुढे काही मागू नकोस, फक्त त्या दिवशी आठवण काढ.
तुझी
आश्लेषा

ता. क. दिवस लिहून ठेवते, म्हणजे मला कळशी ठेवून पळता येणार नाही : शुक्रवार, २८ मार्च.