डाव्या पाठीचा स्नायू

६ जानेवारी
धनुष्य हातात दिलंच नाही! नुसता रबरी पट्टा. तोच ओढायचा, वीस वेळा. फिजिओबाईंनी पाठवलं म्हणून तिरंदाजीच्या वर्गाला गेले — "हात असाच ठेवलात तर कायमचा आखडेल." डावा स्तन काढून सात महिने झाले. तिथून बगलेपर्यंत कातडी बधिर. चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा. बाकी माझंही तसंच चाललंय.

८ जानेवारी
उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली ठणका. पोस्टात दिवसभर शिक्के मारले — शिक्क्यागणिक कळ.

२ फेब्रुवारी
आज खरं धनुष्य, सगळ्यात हलकं. डाव्या हाताने रेटून धरायचं, उजव्याने दोरी ओढायची. शिकवणारे निवृत्त ड्रिलमास्तर, सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. "दंडाने नाही बाई, पाठीने ओढा! आणि डावा खांदा कानाला भिडवू नका. बगलेमागचा स्नायू त्याला खाली धरतो. त्याला जरा कामाला लावा."
"रोज येऊ?"
"छे! स्नायू ओढताना वाढत नाही, आराम करताना वाढतो."
बाण गवतात गेला. काही वाटलं नाही.

९ मार्च
जोर वाढला, दंड तेवढाच. आजोबा म्हणतात, आधी नसा शिकतात, मांस मागाहून भरतं.

२१ एप्रिल
शिंपी टेप लावून बुचकळ्यात. "ताई, उजवा खांदा बोटभर भरलाय!" आजोबांना सांगितलं तर हसले. आता रबरी पट्टा डाव्या हातानेही ओढायचा, नाहीतर एका अंगाला कलेन म्हणे.
मी कपडे बदलायला लागले की हे अजूनही बाहेर जातात. दार अगदी हळू लावतात.

३० मे
सर्जनकडे. हेही आले होते. नवा स्तन करायचं बोलणं झालं. डॉक्टरांनी माझी डावी पाठ दाबून पाहिली. "वा! काय स्नायू कमावलाय! हाच पुढे आणू." पाठीतला तो रुंद स्नायू सोडवून छातीवर वळवतात. घरकामात फारसं अडत नाही म्हणे.
"आणि धनुष्य?" — मी.
"ते... बघू."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी. "म्हणजे सगळं पहिल्यासारखं!"
तारीख ठरली, १८ जून. मी मान हलवली.

४ जून
दोन आरसे लावून पाठ पाहिली. डाव्या बगलेखालून कमरेकडे एक उंचवटा उतरत गेलाय. उभ्या जन्मात नव्हता. बराच वेळ बघत राहिले. हा मी केलाय.

११ जून
नणंदेचा फोन. "नशीब काढलंस, असा सांभाळून घेणारा नवरा!" हो म्हटलं. संध्याकाळी बारा बाण मारले. आजोबांना तारीख सांगितली. ते दोरीला मेण लावत बसले.

१६ जून
पोस्टातूनच डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, पाठीचं पाठीवरच राहू द्या.
ह्यांनी माझी दवाखान्याची बॅग कालच भरून दारापाशी ठेवलीय. उठते. रिकामी करते.